मागचे लाल दिवे

"तिसऱ्यांदा आलोय मी, अल्फॉन्स! तिसऱ्यांदा! आणि तू परत तेच सांगणार, गाडीला काही झालेलं नाही म्हणून?"

लिएंडर वर्थने आपल्या निळ्या पिकअपच्या दारावर थाप मारली. गॅरेजच्या पत्र्यात ती घुमली. अल्फॉन्स स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला होता. तो हळूहळू बाहेर आला, टॉर्च विझवला आणि गुडघे धरत उठला. दोघं एकाच वर्गात शिकलेले, दोघांची लग्नंही एकाच चर्चमध्ये लागलेली. एकमेकांवर ओरडायचा हक्क दोघांनीही केव्हाच मिळवला होता.

"गाडीला काही झालेलं नाही असं मी सांगतो, कारण गाडीला काही झालेलं नाही," अल्फॉन्स म्हणाला. "काल मी स्वतः पार नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. पासष्टवर क्रूझ लावला, पाय काढून घेतला तरी पासष्टवर राहिला. पुलाच्या चढावरसुद्धा काटा हलला नाही."

"म्हणजे तुझ्या हातात राहतो आणि माझ्या हातात सुटतो? माझ्या हाताला काय खरूज झालीय?"

"तेच तर शोधतोय, बाबा."

"शोधतोय! बटण बदललंस. स्विच बदललास. ईस्टरला ब्रेकचे पॅड नवे घातलेस, ते आत्ताच झिजले म्हणतोस. तू माल तरी कुठला वापरतोस, लेका? भंगारातला?"

अल्फॉन्सचे कान लाल झाले. मालावरून बोललेलं त्याला सहन होत नसे.

"माल चांगला आहे. पॅड इतक्यात का गेले ते मलाही कळत नाहीये, आणि मला न कळणं आवडत नाही. तेव्हा जरा दम धर. हे बघ." त्याने चिंधीला हात पुसले आणि तो बोलू लागला, लिएंडरपेक्षा स्वतःलाच समजावत. "चाकापाशी सेन्सर आहे, तो चाकाचे फेरे मोजतो. आत एक छोटा कॉम्प्युटर आहे, तो ते फेरे तू ठरवलेल्या वेगाशी ताडून बघतो. वेग कमी पडला की इंजिनाला जास्त हवा द्यायची, वाढला की कमी करायची. चढ, उतार, समोरचा वारा, सगळं तोच बघतो. आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की भरवलेली असते. ब्रेकला नुसता स्पर्श झाला तरी सगळं सोडून द्यायचं. का म्हणून विचारायचं नाही."

"मला शाळा शिकवू नकोस. जन्मभर काउंटीचे रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवलाय मी."

"त्या ग्रेडरला कॉम्प्युटर नव्हता. तेव्हा एकतर ब्रेकचा स्विच खोटं बोलतोय, नाहीतर..." अल्फॉन्स थांबला. त्याने पिकअपकडे पाहिलं, मग खाली लिएंडरच्या बुटांकडे.

"नाहीतर काय?"

"काही नाही. आज तू चालव. धान्याच्या कोठारापर्यंत जा आणि परत ये. मी माझ्या गाडीतून मागे राहतो."

"बाराला मला रोझिनापाशी पोचायचंय."

"पोचशील. चल."

बाराला पोचायचं म्हणजे पोचायचंच. लिएंडरच्या आयुष्यात आता तेवढी एकच वेळ उरली होती. बाकीच्या वेळा आल्या काय आणि गेल्या काय, त्याला फरक पडत नव्हता.

रोझिनाला पक्षाघात झाला तेव्हा गावातच म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ठेवून घेणारं नर्सिंग होम होतं, चर्चच्या मागे. लिएंडर तिच्याकडे चालत जायचा. मागच्या हिवाळ्यात ते बंद झालं. मालक कंपनी कुठल्यातरी लांबच्या शहरातली. तिथल्या एकानेही या गावाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नर्स मिळत नाहीत, परवडत नाही, असं सांगून त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि म्हाताऱ्यांना जुन्या सामानासारखं चार दिशांना धाडलं. याच गावच्या बायकांनी रजया शिवून आणि कोबी-खिम्याचे बिएरॉक विकून त्या इमारतीवर नवं छप्पर घातलं होतं. छप्पर अजून शाबूत आहे. त्याखाली कुणी नाही. त्या रस्त्याने जाताना लिएंडर आजही मोठ्याने शिव्या देतो, आणि खरं सांगायचं तर त्या शिव्यांत एकही शब्द जास्तीचा नाही.

रोझिनाच्या वाट्याला आलं ते पंचावन्न मैलांवरचं होम. पहिले काही दिवस ती तिथे जेवलीच नाही. चमचा तोंडाजवळ आला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. मग एका दुपारी लिएंडरने मदतनीस बाईच्या हातातून चमचा घेतला, आणि रोझिनाने त्याच्याकडे बघत तोंड उघडलं. त्या दिवसापासून दुपारचं जेवण त्याचं. वारा असो, बर्फ असो, कापणीच्या ट्रकांनी रस्ता भरलेला असो, बाराच्या ठोक्याला लिएंडर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलेला असायचा.

मुलगी, कोरीन, डेन्व्हरला. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी भांडण व्हायचं.

"बाबा, मी आईला इकडे आणते. तुम्हीही या. रोज एवढं चालवायचं तुमचं वय आहे का?"

"माझ्या हातून नाही खाल्लं तर ती उपाशी राहील."

"ती नाश्ता करते ना? रात्रीचं जेवते ना? ते कोण भरवतं?"

त्यावर लिएंडरने फोन ठेवून दिला होता. दोन रविवार उचललाही नव्हता. असले प्रश्न शहरात राहून सुचतात, असं तो अल्फॉन्सला म्हणाला होता.

एक गोष्ट मात्र त्याने अल्फॉन्सलाही सांगितली नव्हती. साखरेने त्याचे पाय गेले होते. दिसायला जागच्या जागी होते, पण घोट्याखाली काही कळेनासं झालं होतं. मागच्या जानेवारीत तो हीटरला पाय लावून टीव्ही बघत बसला होता आणि लोकर जळल्याचा वास आला तेव्हा त्याने खाली बघितलं. त्याचाच मोजा जळत होता. डॉक्टरने गाडीचं विचारलं तेव्हा तो थाप मारून मोकळा झाला. मग त्याने आपला मार्ग काढला. गावाच्या वेशीवर पाय दाबून गाडी जेमतेम तिशीला न्यायची, क्रूझ लावायचा, आणि पुढचं सगळं अंगठ्याने. स्टिअरिंगवरचं बटण वर दाबलं की वेग एकेक मैलाने वाढतो, खाली दाबलं की कमी होतो. पंचावन्न मैलांच्या सरळ रस्त्यात वळणं मोजून चार. पायाचं काम अंगठा करत होता आणि बिनबोभाट करत होता. त्यामुळे क्रूझ सुटायला लागला तेव्हा लिएंडर घाबरला. भीती वाटली की तो ओरडतो, हे त्याच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

कोठाराच्या रस्त्याला लागल्यावर त्याने तिशीला क्रूझ लावला. हिरवा दिवा लागला. अंगठ्याने पस्तीस, चाळीस. दिवा गेला. गाडी मंदावली. त्याने पुन्हा लावला, पुन्हा गेला. आरशात अल्फॉन्सची पांढरी गाडी दिसत होती, एकदम मागे नाही, थोडं अंतर ठेवून. समोरून गावातल्या ड्रायलिंगांचा ट्रक आला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. या भागात समोरून येणाऱ्या प्रत्येकाला असं बोट उचलून दाखवतात, ओळख असो नसो. लिएंडरने बोट उचललं नाही. तो हिरव्या दिव्याला शिव्या देत होता. संध्याकाळपर्यंत गावात चर्चा होणार, वर्थ म्हातारा ड्रायलिंगांवर कशावरून चिडलाय.

परत आल्यावर अल्फॉन्सने त्याला पिकअप उलटी आत घ्यायला लावली, पाठ भिंतीकडे. मग गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि आतला दिवा घालवला.

"हा काय पोरखेळ आहे?"

"क्रूझ लावून बसतोस तसा बस." अल्फॉन्स पिकअपच्या उघड्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचा आवाज उतरला होता. "माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस. तुझा उजवा पाय कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? पायाच्या जागी."

"कशावर आहे, विचारतोय."

"खाली. रबरी चटईवर."

"नक्की?"

"माझा पाय आहे तो, गाढवा!"

"मग आता आरशात बघ."

लिएंडरने आरशात बघितलं. मागची भिंत, भिंतीवर टांगलेले टायर, जुनं कॅलेंडर, सगळं लालभडक दिसत होतं. त्याने खाली बघितलं. त्याच्या बुटाची कड ब्रेकच्या पेडलवर रेलून बसली होती, अगदी आरामात. त्याने मांडी धरून पाय उचलला. भिंत काळी झाली. पाय सोडला. भिंत पुन्हा लाल झाली.

"इथपासून कोठारापर्यंत आणि परत," अल्फॉन्स म्हणाला, "तुझे मागचे दिवे पुन्हा पुन्हा लागत होते. क्रूझ चांगला आहे, लिएंडर. स्विच चांगला आहे. पॅड का जळाले तेही कळलं. कधीपासून चाललंय हे?"

लिएंडरने मांडी धरून पाय पेडलवरून खाली काढला.

"साखर?"

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण म्हणतो. लिएंडरच्या तळपायाला खरी आग लागली तरी कळत नव्हती, पण मस्तक मात्र पेटलं होतं. आपल्याच पायाने आपल्याला फसवावं, आणि ते या माणसासमोर उघडं पडावं! त्याने मूठ वळून गुडघ्यावर मारली, मग नडगीवर, मग वाकून बुटावर. गुडघ्याला लागलं. बुटाच्या आत कुणी राहतच नव्हतं.

"वायर काप," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रेकची जी वायर क्रूझला जाते ती. काप."

"कापली तर तो लागणारच नाही."

"मग अशी जोड की त्याला वाटलं पाहिजे, ब्रेकवर पाय नाहीच. जमतं ना? तुझ्या तोंडावरूनच कळतंय, जमतं."

"जमतं," अल्फॉन्स म्हणाला. "आणि उद्या रस्त्यात हरीण आलं, नाहीतर कुणाचं पोर आलं, तर तू ब्रेक दाबशील आणि गाडी तुझ्याशी भांडेल. अरे, त्या गाडीत ही एकच वस्तू अशी आहे की जिला तुझा पाय कळतो. तुला कळत नाही, तिला कळतो. ती मी तोडू?"

"तुझी बायको घरी आहे! तुला गरम सूप वाढते! तू मला शिकवतोस?"

हे बोलायला नको होतं. अल्फॉन्सने नुसती मान खाली घातली, म्हणून लिएंडर आणखीच चिडला.

"चावी दे," अल्फॉन्स म्हणाला. "मी सोडतो तुला. आत्ता निघालो तर थोडा उशीर होईल, एवढंच."

"मला कुणाची मेहेरबानी नको. दार उघड."

"लिएंडर."

"दार उघड, नाहीतर दारासकट बाहेर जाईन!"

अल्फॉन्सने दार उघडलं. त्याने ते उघडायला नको होतं, हे त्याने पुढे सगळ्यांना सांगितलं, कितीदा तरी सांगितलं. पण लिएंडर वर्थ असा लालबुंद होऊन बसला असताना दार अडवून उभा राहील असा माणूस त्या गावात तेव्हाही नव्हता, आताही नाही.

गावाबाहेर पडल्यावर लिएंडरने क्रूझला हातही लावला नाही. पाहू या, पायाने चालवतो. इतकी वर्षं काय अंगठ्याने चालवत होतो? त्याने पाय कुठे आहे ते वाकून बघितलं, नीट ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि दाबला. वेग पन्नास झाला, साठ झाला. दोन्ही बाजूंना कापलेल्या मायलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची, खुंटं होती, आणि दक्षिणेचा वारा गाडीला ढकलत होता. तो स्वतःशी बोलत होता. कंपनीशी, डॉक्टरशी, कोरीनशी, अल्फॉन्सशी, सगळ्यांशी एकामागून एक भांडत होता आणि प्रत्येक भांडण जिंकत होता.

चढ संपल्यावर त्याला समोर नारिंगी पाट्या दिसल्या. रस्त्याचं काम. पुढे डांबराचं यंत्र, आणि अलीकडे हेल्मेट घातलेली एक बाई, हातात काठीवरची लाल पाटी: थांबा.

हे काम त्याने स्वतः केलं होतं. ग्रेडरवर बसायच्या आधी तीन उन्हाळे तो अशीच पाटी धरून उभा होता, आणि न थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या सात पिढ्यांचा त्याने उद्धार केला होता. त्याने पाय उचलून ब्रेकवर ठेवला आणि दाबला.

इंजिन मोठ्याने गुरगुरलं.

त्याने आणखी जोरात दाबलं. पाय सांगत होता, ब्रेक. बाई मोठी होत चालली. तिने पाटी दोनदा हलवली, मग तिचा चेहरा दिसला, मग ती पाटी टाकून डावीकडच्या चरात उडी मारताना दिसली. जन्मभर लिएंडरने यंत्रं कानाने चालवली होती, आणि इंजिन जे ओरडत होतं ते ब्रेकचं ओरडणं नव्हतं. त्या क्षणी त्याने पायाचं ऐकणं सोडलं आणि इंजिनाचं ऐकलं. त्याने स्टिअरिंग उजवीकडे, बाईच्या उलट बाजूला ओढलं आणि चावी फिरवली. इंजिन मेलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पिकअप उतारावरून खाली गेली, तारेचं कुंपण तोडलं आणि मायलोच्या खुंटांत बरीच आत जाऊन थांबली.

धुरळा बसायच्या आत ती बाई खिडकीशी आली होती. हेल्मेट पडलेलं, कोपर सोललेलं. नारिंगी जाकिटावर नाव होतं, मारिसेला.

"ए म्हाताऱ्या! आंधळा आहेस का? दिसत नाही? एवढी मोठी लाल पाटी दिसत नाही? मारलं असतंस मला! माझी पोरं दुपारी शाळेतून घरी येतात, त्यांना काय सांगितलं असतं कुणी? बोल ना! आता का दातखीळ बसली?"

लिएंडरने तोंड उघडलं. इतक्या दिवसांचा राग तिथे तयारच होता. पण या बाईच्या रागापुढे तो टिकेना, कारण तिचा खरा होता. त्याच्या रागातला अर्धा तरी भीतीचाच होता, हे त्याला त्या शेतात बसल्या बसल्या कळलं आणि त्याची लाज वाटली.

"दिसतं मला," तो म्हणाला. "चांगलं दिसतं. माझा पाय मला कळत नाही."

"काय?"

"पाय. कुठे आहे ते कळत नाही मला. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला."

मारिसेला त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तरीही चालवता? आजोबा, तरीही चालवता?"

"हो."

"का?"

"बायकोला भरवायला जातो. रोज."

तिने मागे खुंटांत पडलेलं हेल्मेट उचललं, त्यातली माती झटकली. "माझ्याकडून माफीबिफी मिळणार नाही," ती म्हणाली. "बायकोची दया येते. तुमची नाही येत." लिएंडरला ती बरोबर वाटली.

अल्फॉन्सची पांढरी गाडी तोवर वर रस्त्याला लागली होती. तो गावापासून मागेच होता. लिएंडरने चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. अल्फॉन्स म्हणाला, शेरीफला यायला वेळ लागेल, त्याच्याशी मी फोनवर बोलून घेतलंय, तुला संध्याकाळी कचेरीत बोलावलंय. लिएंडरने मान हलवली. मग तो कुंपणाच्या तारेवरून पाय उचलून पलीकडे टाकायला लागला, आणि त्याला दोन्ही हातांनी मांडी धरावी लागली, तेव्हा मारिसेला आपण होऊन पुढे आली आणि तिने तार खाली दाबून धरली.

होममध्ये पोचेपर्यंत दुपार कलली होती. जेवणाच्या खोलीत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. लिएंडर भरभर चालत गेला, म्हणजे त्याला जमेल तसं. रोझिना खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. शेजारी मदतनीस बाई टॉवेलांच्या घड्या करत होती.

"मला उशीर झाला," लिएंडर म्हणाला. "जेवण कुठे आहे तिचं? गार झालं असेल. गरम करून द्या. मी भरवतो."

"जेवल्या त्या."

"जेवली?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून मी भरवलं. सगळं खाल्लं. पुडिंगसुद्धा."

"तिने तोंड उघडलं? तुमच्यासमोर?"

बाईला त्याच्या चेहऱ्यावरचं कळलं नाही, किंवा कळूनही ती सरळच बोलली. "सकाळी उघडतात की. रात्रीही. पहिल्या आठवड्यातच सवय झाली त्यांना आमची. दुपारी तुम्ही येता म्हणून आम्ही थांबतो."

कोरीनने हेच विचारलं होतं. लिएंडर टेबलाला धरून उभा राहिला. त्याला ओरडावंसं वाटलं आणि कुणावर ओरडावं ते सापडेना. बाई चांगली होती. रोझिना जेवली होती, याहून चांगली बातमी कुठली? रोज एकशे दहा मैल तो कुणाच्या तरी पोरांची आई मारायच्या तयारीने येत होता, आणि इथे चमचा कुणाच्याही हातातून चालत होता.

अल्फॉन्स दाराशीच थांबला होता. बाई टॉवेल घेऊन निघून गेली.

लिएंडरने रोजच्यासारखी खुर्ची ओढली आणि रोझिनासमोर बसला. तिने खिडकीवरची नजर वळवून त्याच्याकडे बघितलं. मग तिने तोंड उघडलं. ती पोटभर जेवली होती. त्याच्या हातात चमचा नव्हता, ताट नव्हतं, काही नव्हतं. तरी ती तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिली, ओठाचा एक कोपरा नेहमीसारखा खाली ओघळलेला.

"नाही गं, झालं आता," तो म्हणाला. "जेवलीस ना तू. मिट."

तिने मिटलं नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, तिची हनुवटी पुसली, आणि तोच हात तिच्या गालावर ठेवून बसला. बऱ्याच वेळाने तिने तोंड मिटलं.

परतताना अल्फॉन्स चालवत होता आणि लिएंडर शेजारी. इतक्या वर्षांत तो या रस्त्यावर या बाजूला कधी बसला नव्हता. रस्ता इथून वाकडा दिसत होता. होमचं गाव मागे पडल्यावर अल्फॉन्सने अंगठ्याने बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दोघंही त्या दिव्याकडे बघत नसल्यासारखं करत होते.

"मंगळवारी आणि शुक्रवारी मी पार्ट्स आणायला इकडेच येतो," अल्फॉन्स म्हणाला.

"खोटं बोलतोस. पार्ट्स तुला दारात आणून देतात."

"मग मी मूर्ख आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो."

"मला कुणाचं ओझं व्हायचं नाही."

"तू जन्मापासून ओझंच आहेस, लेका. आता कशाला लाजतोस?"

नारिंगी पाट्या आल्या. मारिसेला होती तिथे आता दुसराच कुणी पाटी धरून उभा होता. अल्फॉन्सने ब्रेकला पाय लावला आणि हिरवा दिवा गेला. ते थांबले. डावीकडे शेतात निळी पिकअप अजून तशीच उभी होती, तोडलेल्या कुंपणाच्या आत, आणि तिचे मागचे दिवे विझलेले होते. लिएंडरने तिच्याकडे एकदाच बघितलं.

"किती वाजता निघतोस?" त्याने विचारलं. "मंगळवारी."

"साडेदहाला."

"उशीर करू नकोस. ती वाट बघते."

हे खरं नाही हे दोघांनाही माहीत होतं. अल्फॉन्स हो म्हणाला.

पाटी फिरली, ते निघाले. वेशीच्या अलीकडे समोरून ड्रायलिंगांचा ट्रक आला, सकाळचाच. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून बोट उचललं. अल्फॉन्सनेही उचललं. शेजारच्या सीटवर लिएंडरचा उजवा हात मांडीवर होता, आणि त्या हाताचं एक बोट वर झालं. ट्रकवाल्याला ते दिसणं शक्य नव्हतं. ट्रक निघून गेला तरी लिएंडरने ते खाली घेतलं नाही.